नजर कशी बसते?

एक डोळा, दोन चेंडू

१ जुलै १९६१ ची संध्याकाळ. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह इथे ऑक्सफर्ड विद्यापीठाचा ससेक्सविरुद्धचा सामना चालू होता. दिवसाचा खेळ आटोपल्यावर ऑक्सफर्डचा वीस वर्षांचा कर्णधार ज्या मोटारीत बसला होता, तिला अपघात झाला. समोरच्या काचेचा एक तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. शस्त्रक्रिया झाली, डोळा जागेवर राहिला, पण त्यातली दृष्टी जवळजवळ गेलीच. हा कर्णधार म्हणजे मन्सूर अली खान पतौडी.

डोळा गेल्यावर पहिली अडचण आली ती अंतराच्या अंदाजाची. जगमधून ग्लासात पाणी ओतायला जावं, तर ते टेबलावर सांडायचं. सिगारेट पेटवायला काडी न्यावी, तर ती टोकापासून पाव इंचावर हवेतच राहायची. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू जवळच्या वस्तूंचं अंतर ठरवतो. पतौडींच्या मेंदूला आता हा फरकच मिळत नव्हता. तरीही काही आठवड्यांतच ते नेटमध्ये उभे राहिले.

त्याच वर्षी हैदराबादला एमसीसीविरुद्ध खेळताना त्यांनी उजव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घातली. त्यामुळे थोडंफार दिसू लागलं, पण एकाऐवजी दोन चेंडू दिसू लागले, एकमेकांपासून सहा-सात इंचांवर. त्यांनी आतला चेंडू खरा मानून खेळायचं ठरवलं आणि तिशी पार केली. मग लेन्स काढली, उजवा डोळा मिटला आणि सत्तरपर्यंत मजल मारली. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. पुढे टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळण्याची त्यांची लकब सगळ्यांच्या ओळखीची झाली.

अपघाताला सहा महिने होण्याच्या आत त्यांनी दिल्लीत कसोटी पदार्पण केलं. जानेवारी १९६२ मध्ये मद्रासला १०३ धावा काढल्या. नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात चेंडू लागला, तेव्हा एकविसाव्या वर्षी भारताचं कर्णधारपद पतौडींकडे आलं. १९६४ मध्ये दिल्लीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा केल्या. एकूण ४६ कसोटी, सहा शतकं, २७९३ धावा.

या कारकिर्दीने नेत्रविज्ञानापुढे एक खराखुरा प्रश्न उभा केला. एका डोळ्याने, अंतराचा नैसर्गिक अंदाज गमावूनही, कसोटी दर्जाच्या वेगवान गोलंदाजाला खेळता येत असेल, तर चेंडू पाहण्याचं काम नेमकं कोण करतं? डोळा की आणखी काही? खेळाडूची नजर शिकवून तयार करता येते का, याचं उत्तर शोधायचं तर आधी हा प्रश्न सोडवावा लागतो.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर सुमारे १७.७ मीटर. डोळ्यांना काही दिसल्यापासून हाताची हालचाल बदलायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. चेंडू चांगल्या टप्प्यावर पडला असेल, तर टप्पा पडल्यापासून बॅटपर्यंत यायला त्याला तेवढाही वेळ लागत नाही.

थोर फलंदाजांची प्रतिक्रियाच विजेसारखी असते, असं पूर्वापार मानलं जायचं. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिओड यांनी १९८७ मध्ये ते तपासून पाहिलं. त्यांनी मॅटिंगच्या खाली लाकडाच्या गोल काठ्या पसरल्या. चेंडू काठीवर पडला की कुठल्या बाजूला वळेल, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या मॅटिंगवर त्यांनी आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या फलंदाजांना उभं केलं आणि वेगवान चित्रफितीवर त्यांच्या बॅटची हालचाल मोजली. टप्प्यानंतर चेंडू वळला, तरी सुमारे २०० मिलिसेकंद बॅट आपल्या जुन्याच मार्गाने जात राहिली. सामान्य माणसालाही तेवढाच वेळ लागतो. कसोटी खेळाडूकडे वेगळी, जास्त जलद यंत्रणा नव्हती.

मग त्याच्याकडे काय होतं? २००० साली मॅक्लिओड आणि ससेक्स विद्यापीठाचे मायकेल लँड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर नजर टिपणारा कॅमेरा बसवला. वेगवेगळ्या दर्जाचे तीन फलंदाज घेतले, त्यांतला एक व्यावसायिक. तिघांपैकी कुणीही चेंडू सुटल्यापासून बॅटवर येईपर्यंत त्याच्यावर नजर खिळवून ठेवत नव्हतं. चेंडू सुटतानाचे क्षण ते पाहत. मग नजर चेंडूला मागे टाकून पुढे उडी घेई आणि टप्पा जिथे पडणार असं वाटत असे तिथे जाऊन थांबे. चेंडू तिथे येऊन पडला की थोडा वेळ त्याचा पाठलाग होई. चांगल्या आणि साधारण फलंदाजातला फरक होता तो या उडीच्या वेळेत. चांगल्या फलंदाजाची नजर टप्प्यावर आधीच जाऊन वाट पाहत असायची.

‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. पण शेवटच्या टप्प्यात ते कुणालाच जमत नाही, कारण जवळ येणारा चेंडू डोळ्यांसमोरून इतक्या वेगाने सरकतो की बुबुळं त्याच्या मागे वळूच शकत नाहीत. अमेरिकेत टेरी बहिल आणि टॉम लारिट्झ यांनी १९८४ मध्ये बेसबॉलवर हेच मोजलं. त्यांनी तपासलेल्या व्यावसायिक खेळाडूची नजरही चेंडू फलंदाजासमोरच्या प्लेटपासून साडेपाच फुटांवर येईपर्यंतच टिकली.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड मान, वेन स्प्रॅटफर्ड आणि ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी २०१३ मध्ये यात आणखी एक बारकावा जोडला. जगातल्या अव्वल फलंदाजांपैकी दोघांची त्यांनी क्लब पातळीच्या खेळाडूंशी तुलना केली. अव्वल फलंदाजाचं डोकं चेंडूच्या दिशेबरोबर वळत राहतं आणि डोळे मात्र दोनदा पुढे उडी मारतात, एकदा टप्प्याकडे आणि दुसऱ्यांदा बॅट-चेंडूची गाठ पडणार त्या जागेकडे. डोकं चेंडूबरोबर आणि डोळे चेंडूच्या पुढे, अशी ही वाटणी असते.

मान यांचा आधीचा एक प्रयोग तर याहून चक्रावून टाकणारा आहे. त्यांनी फलंदाजांना मुद्दाम धूसर दिसेल अशा कॉन्टॅक्ट लेन्स घालायला दिल्या आणि बोलिंग मशिनसमोर उभं केलं. +१ आणि +२ च्या लेन्सने फलंदाजीत फारसा फरक पडला नाही. +३ ला मात्र ती घसरली. उणे तीन नंबरच्या माणसाने चष्मा काढून खेळायला उभं राहावं, इतकं हे धूसर असतं. खरे वेगवान गोलंदाज आणले, तेव्हा +२ पासूनच परिणाम दिसू लागला. म्हणजे दृष्टी पार निकामी असून चालत नाही, पण अक्षरांच्या तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीवर फलंदाजी अवलंबूनही नाही.

चेंडू सुटण्याआधी

नजर टप्प्यावर आधी जाऊन थांबते, तर टप्पा कुठे पडणार हे तिला कळतं कसं? या प्रश्नाचा पाठपुरावा अ‍ॅबरनेथी यांनी अनेक वर्षं केला. त्यांची पद्धत साधी आहे. खेळाडूला प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत दाखवायची आणि ती ऐन क्षणी कापायची. कधी चेंडू सुटताना, कधी त्याच्या थोडं आधी, कधी आणखी आधी. मग विचारायचं, चेंडू कुठे जाईल? काही फितींमध्ये वेळेऐवजी शरीराचा एखादा भाग झाकायचा: हात, मनगट, बॅट किंवा रॅकेट.

१९८७ मधल्या बॅडमिंटनच्या प्रयोगात नवखे खेळाडू फक्त रॅकेटवरून अंदाज बांधत होते. निष्णात खेळाडू रॅकेटबरोबर हाताकडूनही माहिती घेत होते. हात रॅकेटच्या आधी हलतो, त्यामुळे त्यांना फटक्याची दिशा आधी कळायची. २००६ मध्ये शॉन म्युलर, अ‍ॅबरनेथी आणि डॅमियन फॅरो यांनी क्रिकेटमध्येही तेच दाखवलं. अव्वल फलंदाज गोलंदाजाच्या हातावरून आणि मनगटावरून चेंडू सुटण्याआधीच त्याचा प्रकार ओळखू शकत होते. कमी दर्जाच्या फलंदाजांना ते जमत नव्हतं. फुटबॉलमध्ये पेनल्टी किकच्या वेळी पटाईत गोलरक्षकाची नजरही खेळाडूच्या हातांवर किंवा छातीवर फारशी रेंगाळत नाही. ती दोन्ही पायांवर आणि चेंडूवर राहते.

जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरून घरातलं कोण आलं हे जसं कळतं, तसंच हे ओळखणं आहे. त्यासाठी कान तीक्ष्ण लागत नाहीत, ती पावलं हजारदा ऐकलेली असावी लागतात.

म्हणूनच अनोळखी हालचालीपुढे मोठमोठे खेळाडूही गडबडतात. २००४ मध्ये अमेरिकेत एका प्रदर्शनीय सामन्यात सॉफ्टबॉलची गोलंदाज जेनी फिंच हिने अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा यांच्यासारख्या बेसबॉलच्या नामांकित फलंदाजांना बाद केलं. तिचा चेंडू बेसबॉलपेक्षा आकाराने मोठा आणि वेगाने कमी होता. अंतर कमी असल्यामुळे खेळायला मिळणारा वेळ बेसबॉलइतकाच होता. पण चेंडू खांद्याखालून येत होता आणि त्या हालचालीचा या फलंदाजांना सरावच नव्हता. डोळे तेच, प्रतिक्रियेचा वेळ तोच, तरी बॅटला चेंडू लागेना.

याच्या उलट बाजूचं उदाहरण टेनिसमध्ये आहे. आंद्रे अगासी बोरिस बेकरविरुद्धचे पहिले तिन्ही सामने हरला होता. त्याने बेकरच्या सर्व्हिसच्या फिती पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि त्याला एक सवय सापडली. सर्व्हिस करण्याच्या जरा आधी बेकरची जीभ बाहेर यायची आणि ती कुठल्या बाजूला आहे यावरून सर्व्हिस कुठे पडणार ते कळायचं. हे अगासीने निवृत्तीनंतर स्वतःच सांगितलं. बेकरला संशय येऊ नये म्हणून ही माहिती मोजक्याच गुणांना वापरणं त्याला सर्वात अवघड गेलं. कारकीर्द संपली तेव्हा दोघांमधला हिशेब अगासीच्या बाजूने १०-४ असा होता.

सचिन तेंडुलकर आणि राहुल द्रविड यांनी तर हे काम दोघांत वाटून घेतलं होतं. १९९९ च्या मोहाली कसोटीत न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स रिव्हर्स स्विंग करत होता आणि धावत येताना चेंडू हाताआड लपवत होता. समोरच्या फलंदाजाला चकाकती बाजू दिसत नव्हती, पण नॉन-स्ट्रायकरच्या टोकावर केर्न्सच्या शेजारी उभ्या असलेल्या सचिनला ती दिसत होती. दोघांचं ठरलं. सचिनने बॅट एका हातात धरली तर आउटस्विंग, दुसऱ्या हातात धरली तर इनस्विंग, आणि त्याला स्वतःलाच कळलं नाही तर बॅट दोन्ही हातांत. पुढे केर्न्सला शंका येईपर्यंत द्रविडला चेंडू सुटण्याआधी तो कुठे वळणार हे कळत होतं. सचिनने हा किस्सा अनेक वर्षांनी सांगितला. फलंदाजीत माहिती किती आधी मिळते याला किती मोल आहे, हे त्यातून नेमकं दिसतं.

मणी, दिवे आणि लुकलुकणारे चष्मे

एवढं कळल्यावर बाजारात मिळणाऱ्या नेत्र-प्रशिक्षणाकडे नीट पाहता येतं.

त्यातलं सर्वात जुनं आणि स्वस्त साधन म्हणजे ब्रॉक स्ट्रिंग. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले दृष्टितज्ज्ञ फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नावाने ते ओळखलं जातं. लांब दोरीत तीन रंगांचे मणी ओवलेले असतात. दोरीचं एक टोक दाराच्या कडीला बांधायचं आणि दुसरं नाकाच्या शेंड्याशी ताणून धरायचं. मधल्या मण्याकडे पाहिलं, की दोन्ही डोळे नीट काम करत असतील तर एकाच दोरीच्या दोन दोऱ्या दिसतात आणि त्या बरोबर त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतात. नजर जवळच्या मण्यावर आणली की छेद जवळ येतो, लांबच्या मण्यावर नेली की लांब जातो. एक डोळा काम टाळत असेल, तर एकच दोरी दिसते. दोन डोळ्यांचा मेळ तपासायला आणि तो बिघडला असेल तर दुरुस्त करायला हे उत्तम साधन आहे. ज्याचा मेळ मुळातच चांगला आहे, त्याच्या फलंदाजीत यामुळे किती भर पडेल, हा प्रश्न वेगळा.

२००१ मध्ये अ‍ॅबरनेथी आणि जोआन वूड यांनी याच प्रश्नाचा छडा लावला. ४० जणांचे चार गट केले. दोन गटांना तेव्हा प्रचारात असलेले दोन नेत्र-व्यायाम दिले, उरलेल्या दोन गटांना ते दिले नाहीत. चार आठवड्यांनी सगळ्यांची चाचणी घेतली. गुण थोडे वाढले होते, पण ते चारही गटांचे. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिल्यामुळे जेवढी सुधारणा होते, तेवढीच ती होती. खेळाच्या कौशल्यात व्यायामामुळे वेगळी भर पडल्याचं आढळलं नाही.

तरीही हे क्षेत्र तिथे थांबलं नाही, आणि सगळेच निष्कर्ष निराशाजनक नाहीत. सिनसिनाटी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने २०११ च्या हंगामाआधी दिव्यांच्या फळ्या, ब्रॉक स्ट्रिंग आणि इतर साधनांनी सराव केला. संघाची फलंदाजीची सरासरी आदल्या हंगामातल्या ०.२५१ वरून ०.२८५ वर गेली. मात्र हा सराव न करणारा तुलनेचा गटच नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते ठरवता येत नाही. काचा क्षणात पारदर्शक आणि क्षणात अपारदर्शक होणारे चष्मे घालून अमेरिकेतल्या कॅरोलिना हरिकेन्स या आइस हॉकी संघाच्या खेळाडूंनी सराव केला, तेव्हा त्यांची कामगिरी १८ टक्क्यांनी सुधारली असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या प्रयोगात अवघे ११ खेळाडू होते आणि संशोधकांनी स्वतःच त्याला प्राथमिक प्रयोग म्हटलं होतं. माँट्रियल विद्यापीठाच्या जोसलिन फोबेर यांनी पडद्यावर फिरणाऱ्या अनेक चेंडूंपैकी ठरावीक चेंडूंचा माग ठेवण्याची चाचणी बनवली. व्यावसायिक खेळाडू ती इतरांपेक्षा लवकर शिकतात, हे त्यांनी दाखवलं. पण लवकर शिकणं ही खेळाडूची मूळची खुबी असू शकते. ती चाचणी शिकल्यामुळे तो मैदानावर सुधारतो, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

रग्बीमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शेरिल काल्डर यांचं नाव मोठं आहे. २००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडबरोबर आणि २००७ मध्ये तो जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेबरोबर त्यांनी खेळाडूंच्या नजरेवर काम केलं. त्या स्वतः हॉकीपटू होत्या आणि त्यांच्या सरावात खेळातल्या निर्णयांना महत्त्व होतं. तरी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाच्या तयारीत शंभर गोष्टी असतात आणि नजरेचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

दावा मोठा असला, तर पुरावाही मागायला हवा. अमेरिकेत ‘अल्टिमआइज’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपची दृष्टी सुधारण्याचं आश्वासन देऊन विक्री झाली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये त्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आक्षेप घेतला. ज्या संशोधनाचा दाखला दिला जात होता त्याच्या एका लेखकाचा कंपनीत हिस्सा होता आणि ते उघड केलेलं नव्हतं, हाही आक्षेपाचा भाग होता. कंपनीने दीड लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आपल्याकडेही पालक मुलांच्या प्रशिक्षणावर मोठाले पैसे खर्च करतात. त्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं.

नेम धरताना

नजरेचं एक प्रशिक्षण मात्र अनेक प्रयोगांत टिकलं आहे. त्यात डोळे बळकट करायचे नसतात. कुठे पाहायचं आणि किती वेळ पाहायचं, एवढंच ठरवायचं असतं.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी गोल्फ आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंवर नजर टिपणारी यंत्रं लावून पाहिली. निर्णायक हालचाल सुरू होण्याआधी निष्णात खेळाडूची नजर एका जागी शांतपणे टेकते आणि नवख्यापेक्षा जास्त वेळ तिथे राहते, असं त्यांना १९९० च्या दशकात आढळलं. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोमध्ये ही जागा म्हणजे रिंगवरचा एखादा बिंदू. नवख्याची नजर रिंग, बोर्ड, चेंडू, पुन्हा रिंग अशी भिरभिरत राहते.

यावरून व्हिकर्स आणि शेन हार्ल यांनी एका विद्यापीठाच्या महिला संघासाठी सराव आखला. रेषेवर उभं राहायचं, मान वर ठेवायची, चेंडू तीनदा सावकाश आपटायचा. मग चेंडू नेमाच्या स्थितीत धरून रिंगवर एकच जागा निवडायची, नजर तिथे सेकंदभर तरी स्थिर ठेवायची, आणि मग न रेंगाळता फेकायचा. फेकताना चेंडू नजरेआड आला तरी चालेल, कारण पाहण्याचं काम तोवर झालेलं असतं. दोन हंगामांत या संघाची सामन्यांतली फ्री थ्रोची टक्केवारी ५४ च्या आसपासून ७६ च्या पुढे गेली. इंग्लंडमध्ये सॅम्युअल व्हाइन, ली मूर आणि मार्क विल्सन यांनी २०११ मध्ये २२ कसलेल्या गोल्फपटूंवर असाच प्रयोग केला. स्थिर नजरेचा सराव केलेल्या गटाचे एका फेरीतले पटिंगचे फटके सरासरी १.९ ने कमी झाले. गोल्फच्या स्पर्धेत एका फटक्याने जेतेपद हुकतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं.

स्थिर नजरेचा हा परिणाम नेमका कशामुळे होतो, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मेंदूला हालचाल आखायला शांत वेळ मिळतो, असं काहींचं मत. लक्ष बाहेरच्या एका बिंदूवर राहिल्याने मनातली धास्ती मध्ये येत नाही, असं इतरांचं. दडपणाच्या क्षणी नजर आधी भिरभिरू लागते आणि नेम नंतर चुकतो, हे मात्र वारंवार दिसलं आहे.

महाराष्ट्राला नेमबाजीचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाज दिल्या. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं, आणि ते ५० मीटरवर असतं. अनेक रायफल नेमबाज दुसरा डोळा मिटत नाहीत, कारण मिटलेल्या डोळ्याचा ताण नेम धरणाऱ्या डोळ्यालाही जाणवतो. त्याऐवजी त्या डोळ्यासमोर छोटीशी पट्टी लावतात. दोन्ही डोळे सैल आणि उघडे राहतात, पण दृश्य एकाच डोळ्याकडून येतं.

फलंदाजाला प्रत्येक चेंडूला असं ताणून पाहणं परवडत नाही. ऑस्ट्रेलियाचे फलंदाज ग्रेग चॅपेल यांनी त्यावर तीन पायऱ्यांचा उपाय शोधला होता. दोन चेंडूंच्या मध्ये नजर मोकळी सोडायची. गोलंदाज धावू लागला की ती त्याच्या चेहऱ्यावर आणि शरीरावर आणायची. आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी गोलंदाजाच्या डोक्याशेजारच्या ज्या जागेतून तो बाहेर येणार, तिथे ती पूर्ण एकवटायची. दिवसभर फलंदाजी करायची तर सगळी ताकद त्या शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

नेटमध्ये काय करता येईल

पहिली पायरी नेत्रतज्ज्ञाकडची. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या ३८७ व्यावसायिक बेसबॉलपटूंची तपासणी चार वर्षं झाली, तेव्हा त्यांची दृष्टी सरासरीपेक्षा बरीच चांगली निघाली. सामान्य नजरेच्या माणसाला जे १३ फुटांवर जाऊन दिसेल, ते त्यांना २० फुटांवरून दिसत होतं. धूसर दिसत असूनही खेळता येतं, म्हणून धूसरच खेळत राहण्यात शहाणपण नाही. नंबर असेल तर चष्मा किंवा लेन्स लावायलाच हवी आणि त्याने खेळाडूचं काही अडत नाही. क्लाइव्ह लॉइड आयुष्यभर चष्मा लावून खेळले. नरेंद्र हिरवाणीने १९८८ मध्ये मद्रासला कसोटी पदार्पणातच १६ बळी घेतले, तेही चष्मा लावून.

दुसरी पायरी सरावाची. बोलिंग मशिनसमोर शेकडो चेंडू खेळून फटका घोटता येतो, पण मशिनला खांदा नसतो, मनगट नसतं, बोटं नसतात. चेंडू सुटण्याआधीची सगळी माहिती तिथे गायब असते. खऱ्या गोलंदाजासमोर आणि मशिनसमोर फलंदाजाच्या हालचालींची वेळच बदलते, हे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून मुलाला जितके वेगवेगळे गोलंदाज खेळायला मिळतील, तितकं बरं: डावरे, उंच, बुटके, लेगस्पिन टाकणारे, बिनवळणाचे.

डॉन ब्रॅडमन यांचा लहानपणीचा सराव याच कारणाने इतका मोलाचा ठरला. ऑस्ट्रेलियातल्या बाउरलच्या घरामागे पाण्याच्या टाकीचं विटांचं गोल बांधकाम होतं. त्यावर गोल्फचा चेंडू फेकायचा आणि परत येताना तो यष्टीने मारायचा. वक्र भिंतीवरून चेंडू दरवेळी वेगळ्याच कोनाने यायचा. १९४० मध्ये लष्करी तपासणीत ब्रॅडमन यांची दृष्टी कमकुवत असल्याचं नोंदलं गेलं. तरी त्यांची कसोटी सरासरी ९९.९४ होती.

क्षेत्ररक्षणातही असा सराव उपयोगी पडतो. मेलिसा हॉपवूड, डेव्हिड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कसलेल्या क्रिकेटपटूंच्या एका गटाला मैदानावरच्या सरावाच्या जोडीला फलंदाजाच्या फटक्यांच्या, मध्येच कापलेल्या फिती दाखवल्या. त्या गटाचं क्षेत्ररक्षण केवळ मैदानावर सराव केलेल्यांपेक्षा जास्त सुधारलं. फितीतली चित्रं खेळातलीच होती, म्हणून ती कामी आली.

हे करायला आता महागडी यंत्रणा लागत नाही. क्लबमधल्या पाच-सहा गोलंदाजांचं फलंदाजाच्या जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल ठेवून चित्रण करायचं. प्रत्येक चेंडूची फीत तो हातातून सुटला की लगेच कापायची. मग नेटच्या बाहेर पॅड बांधून बसलेल्या मुलांना ती दाखवून विचारायचं: पुढे की मागे? आत की बाहेर? उत्तर दिल्यावर पूर्ण फीत दाखवायची. एका वेळी वीस चेंडू पुरेत. त्यानंतर लगेच त्याच गोलंदाजासमोर नेटमध्ये उभं करायचं, म्हणजे पडद्यावर ओळखलेली खूण अंगातही उतरते. प्रशिक्षकाने वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने ठेवायचे, एक फितीवरच्या बरोबर उत्तरांचा आणि दुसरा नेटमध्ये बॅटच्या मधोमध लागलेल्या चेंडूंचा. पहिला रकाना वाढतोय आणि दुसरा जागचा हलत नाही, असं दिसलं तर मूल फिती पाठ करू लागलं आहे, असं समजायचं आणि नवं चित्रण करायचं. दोन्ही रकाने वाढू लागले आणि वीसपैकी सोळा उत्तरं बरोबर येऊ लागली, की फीत आणखी थोडी अलीकडे कापायची, हात खांद्याच्या वर जाण्याआधी, आणि गोलंदाज दुसऱ्या क्लबमधून बोलवायचे.